बंदुकीचं तेल: एका बाटलीत भागतं का, आणि ग्रीस नेमकं कुठे लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात परवान्याची एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, एक पॉइंट टू-टू रायफल, एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आणि बारा बोअरची जुनी दुनळी आहे. चौघींना मिळून एकच तेल चालेल का? शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल यांपैकी काय वापरता येईल? आणि ग्रीस कुठे?

शिलाई मशीनचं तेल चालतं. नवं सिंथेटिक इंजिन ऑइलही चालतं. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलण्यापुरतं ठीक. खोबरेल अजिबात नको. पण बाटली निवडण्याआधी तेल कुठे लावायचं नाही ते नक्की करा. कमी तेलाने आवळलेलं हत्यार दोन थेंबांत पुन्हा चालू लागतं. फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडवणाऱ्या सुईच्या) भोकात किंवा चापाच्या यंत्रणेत मुरलेलं तेल मात्र महिनोन्‌महिने काही दाखवत नाही आणि ऐनवेळी दगा देतं.

कामाला लागण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकातली काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. काडतुसं दूर ठेवण्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

तेलाच्या नावाखाली आपण तीन वेगळी कामं एकत्र करतो: मळ सोडवणं, घर्षण कमी करणं आणि गंज रोखणं. मळ सोडवणारं द्रव पातळ हवं, चिरांत शिरायला हवं आणि जुना थर उचलून न्यायला हवं. वंगण लावल्या जागी टिकायला हवं. गंजरोधकाने धातूला चिकटून पाणी अडवायला हवं. या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. 'सीएलपी' (क्लीनर, लुब्रिकंट, प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून मिळणाऱ्या बाटलीत तिन्ही कामांची तडजोड असते: विद्रावक उडून जातो आणि मागे तेल व गंजरोधकाचा पातळ थर राहतो. अमेरिकी सैन्याचा एमआयएल-पीआरएफ-६३४६० हा मानक याच प्रकारच्या तेलासाठी आहे. बाटलीवर तो आकडा असेल तर तेल निदान ठरलेल्या कसोट्यांतून गेलेलं आहे एवढं कळतं. नियमित वापरातल्या हत्याराला एकच बाटली ठेवायची असेल तर सीएलपी घ्या. पण भाजून कडक झालेली काजळी, नळीतलं तांबं आणि वर्षभराची साठवण या तीन ठिकाणी ती उणी पडते.

नळीत काय साठलंय त्यावर विद्रावक ठरतो. काजळी साध्या बोअर सॉल्व्हंटने सुटते. शिसं रसायनाला फारसं दाद देत नाही, ते ब्रॉन्झच्या ब्रशने खरवडूनच निघतं. रायफलच्या गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा थर अमोनिया असलेल्या कॉपर सॉल्व्हंटने निघतो. बारा बोअरमध्ये काडतुसातल्या प्लॅस्टिक वॅडचे (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाचे) पट्टे राहतात, तेही सॉल्व्हंट आणि ब्रशने सुटतात.

बोल्ट रायफलची नळी साफ करताना रॉड शक्यतो मागून, चेंबरकडून घाला आणि बोअर गाइड (रॉड सरळ धरणारं नळकांडं) वापरा. पुढच्या तोंडाची कड रॉड घासून बिघडली की नेम गेला. सॉल्व्हंटने ओली केलेली चिंधी एकदा आरपार काढून टाका, ती काळीच येणार. दुसरी ओली चिंधी फिरवून दहा मिनिटं थांबा. मग ब्रॉन्झ ब्रशचे दहा पूर्ण फेरे मारा. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नका, आधी तो पुढच्या तोंडातून पूर्ण बाहेर येऊ द्या. आता कोरड्या चिंध्या. त्या फिकट राखाडी येऊ लागल्या की काजळी संपली. तांबं उरलंय का ते पाहायला कॉपर सॉल्व्हंटची चिंधी घालून पाच मिनिटं थांबा. चिंधी निळी-हिरवी आली तर तांबं आहे. इथे एक फसगत ठरलेली: चिंधी पितळी जॅगवर (रॉडच्या टोकाला चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर) असेल तर सॉल्व्हंट जॅगचंच तांबं विरघळवतो आणि स्वच्छ नळीतूनही चिंधी निळी येत राहते. या टप्प्याला नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा किंवा निकेल चढवलेला जॅग घ्या.

अमोनियावाला सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नाही. तो वाळत गेला की पोलादाला खातो. निकेलचा मुलामा असलेल्या पिस्तुलावर तो नकोच, कारण मुलाम्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो आणि एखाद्या चिरेतून सॉल्व्हंट आत गेला की मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. शेवटी कोरड्या चिंध्या आणि मग तेलाची एक चिंधी. सॉल्व्हंट काढून तेल लावायचं राहिलं, तर नळी आधीपेक्षा उघडी पडलेली असते आणि गंज लवकर धरते.

जुनी सैनिकी काडतुसं झाडत असाल तर तेलाआधी पाणी लागतं, हे पुष्कळांना पटत नाही. त्यांच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत) अनेकदा पोटॅशियम क्लोरेट असतं आणि जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे जेवणातल्या मिठाचा भाऊ. मीठ तेलात विरघळत नाही. वरून उत्तम तेल लावलंत तरी ते खाली तसंच बसून हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि काही दिवसांत तेलाखालची नळी तपकिरी होते. त्याच दिवशी चेंबरकडून फनेलने कडकडीत गरम पाणी ओता, बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंडही धुवा. नळी तापल्यामुळे उरलेलं पाणी बरंचसं आपोआप सुकतं. चिंध्यांनी कोरडं करा, मग नेहमीची सफाई आणि तेल. काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकीलाही हाच न्याय: साबण आणि गरम पाणी. एक फरक मात्र आहे. काळ्या दारूच्या राखेत खनिज तेल मिसळलं की डांबरासारखं घट्ट किटण होतं, म्हणून तिथे गोळीला आणि चिंधीला चरबी, मधमाशांचं मेण किंवा वनस्पती तेल वापरतात. वनस्पती तेलाला बंदुकीत मान आहे तो एवढ्याच कोपऱ्यात.

आता घरातल्या बाटल्या. शिलाई मशीनचं तेल म्हणजे शुद्ध, पातळ खनिज तेल. ते चिकट होत नाही आणि आपोआप पसरतं. त्याचं वैगुण्य हेच की ते पसरून निघूनही जातं, आणि गंजरोधक द्रव्यं त्यात नावालाच असतात. शनिवारी लावून रविवारी वापरायला उत्तम, कपाटात सहा महिने ठेवायला कच्चं. सिंथेटिक इंजिन ऑइल, म्हणजे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, झीज रोखणाऱ्या द्रव्यांनी युक्त असतं, तापल्यावर उडत नाही आणि थंडीत फारसं घट्ट होत नाही. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि बोल्टच्या घासणाऱ्या भागांना ते छान चालतं. गाडीतून काढलेलं काळं तेल मात्र फुकट मिळालं तरी नको. त्यात ज्वलनातली आम्लं, काजळी आणि धातूचा कीस असतो, शिवाय वारंवार त्वचेला लागणं घातक.

डब्ल्यूडी-४० बद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. नाव 'पाणी हटवणं, चाळीसावा प्रयत्न' या अर्थाचं आहे, १९५३ साली ते तयार झालं ते याच कामासाठी. पावसात भिजलेल्या बंदुकीतलं पाणी चिरांतून बाहेर काढायला ते चांगलंच. पण त्यातला मोठा भाग उडून जातो आणि उरतो तो थर फार पातळ. दरवेळी त्याच्यावरच त्याचा नवा फवारा मारत गेलात तर कोपऱ्यांत पिवळसर चिकटा साठतो. फवारा मारा, पुसा, मग खरं तेल लावा.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. पहाटेच्या गारव्यात फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती तेच खोबरेल मेण होऊन बसतं आणि प्रायमरवर नुसता ओरखडा उठतो. शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल ही तेलं गोठत नसली तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू वॉर्निशसारखी होतात. जवसाचं तेल त्यात सगळ्यांत पुढे, म्हणून तर ते लाकडी दस्त्याला लावतात. (दस्त्याला जवस लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.)

कुठल्या तेलाबद्दल शंका असेल तर पोलादाची एक पट्टी घासून चकचकीत करा, प्रत्येक तेलाचा एक थेंब तिच्यावर ठेवा, बाजूला मार्करने नाव लिहा आणि पट्टी उबदार जागी तिरपी टेकवून तीन आठवडे विसरा. मग बोट फिरवा. एक थेंब पट्टीच्या खालच्या टोकाला पोचलेला असेल, एक जागेवर ओला असेल, एक बोटाला तार देईल. तार देणारं तेल बंदुकीजवळ आणू नका.

ग्रीसकडे वळू. ग्रीस म्हणजे तेलच, पण साबणासारख्या घट्ट द्रव्यात स्पंजमध्ये धरावं तसं धरलेलं. त्याचा घट्टपणा एनएलजीआय आकड्यात सांगतात: ०००, ००, ०, १, २ आणि पुढे ६ पर्यंत. सर्वसाधारण डब्यातलं ग्रीस २ नंबरचं असतं, साधारण लोण्याइतकं. बंदुकीला १ किंवा २ पुरतं, गारठ्यात ०. 'सरकतं तिथे ग्रीस, फिरतं तिथे तेल' हे सूत्र सांगितलं जातं, पण ते अर्धवट आहे. दाब जास्त, हालचाल थोडी आणि जागा फडक्याने पुसता येण्यासारखी, तिथे ग्रीस. नाजूक स्प्रिंगवर चालणारं, वेगाने हलणारं किंवा बंद पोकळीतलं काहीही असेल तिथे ग्रीस नको. अमेरिकेच्या एम-१ गॅरंड रायफलचं उदाहरण बोलकं आहे. पावसात तेल धुतलं जाऊन तिचा बोल्ट आवळायचा, म्हणून तिच्या बोल्टच्या आणि ऑपरेटिंग रॉडच्या घासणाऱ्या जागांसाठी लुब्रिप्लेट ग्रीस सैनिकाजवळ छोट्या डबीत दिलेलं असे.

लिथियम ग्रीस पुरेसं आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं काळं ग्रीस जास्त दाबाच्या जागी आणखी चांगलं, फक्त हात आणि कपडे काळे करतं. ग्रीस बदलताना जुनं पूर्ण पुसून काढा. लिथियमवर चिकणमातीच्या आधाराचं ग्रीस चढवलं तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकतं.

बोल्ट रायफलमध्ये ग्रीसच्या जागा दोनच: लॉकिंग लग्जची (बोल्ट बंद होताना खाचांत अडकणाऱ्या दातांची) मागची बाजू आणि बोल्टच्या मागच्या भागातला कॉकिंग कॅम (फायरिंग पिन मागे ताणणारा उतार). प्रत्येक ठिकाणी मोहरीच्या दाण्याएवढं, बोटाने पसरून जवळजवळ दिसेनासं होईल इतकं. बोल्टच्या अंगावर तेलाचा हात पुरे. लग्ज ज्या खाचांत बसतात त्या आधी काडीवरच्या कापसाने साफ करा, नाहीतर नवं ग्रीस जुन्या किसाबरोबर पॉलिश पेस्टचं काम करतं.

चापाच्या यंत्रणेत तेल घालू नका. हे वाक्य दोनदा वाचा. तिथल्या पृष्ठांची पकड अगदी थोडक्या अंतराची असते. तेल, धूळ आणि काळ यांनी तिथे किटण धरलं की सिअर (फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) पूर्ण जागेवर परत येत नाही, आणि बोल्ट पुढे ढकलून बंद करताच बार उडू शकतो. चाप जड किंवा चिकट वाटला तर लायटरचं इंधन सोडून धुवा, वाळू द्या आणि कोरडाच ठेवा. आग आणि ठिणगी लांब. तरी दोष राहिला तर ती रायफल कारागिराकडे जाऊ दे, आपण स्क्रू फिरवत बसू नये.

चेंबर आणि नळी झाडण्याआधी कोरडी हवी. बार उडताना पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि मागचा धक्का काही अंशी तिथेच जिरतो. भिंत तेलकट असेल तर पुंगळी निसटते आणि सगळा भार बोल्टवर येतो. नळीत तेलाचं डबकं राहिलं तर गोळीपुढे अडथळा तयार होऊन नळीला बांगडीसारखा फुगवटा येऊ शकतो, तो परत बसवता येत नाही. पातळ थरानेही पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन कोरड्या चिंध्या नळीतून आणि एक चेंबरमध्ये फिरवा.

पिस्तुलाला थेंबांचा हिशेब. स्लाइडच्या प्रत्येक रेलवर एक थेंब, नळीच्या बाहेर जिथे स्लाइडला घासून चमक आलेली दिसते तिथे एक, नळीच्या खालच्या लगवर एक. चमकलेले पट्टे हाच खरा नकाशा, पुस्तिकेतलं चित्र त्याच्याशी ताडून पाहा. ग्लॉकसारख्या पिस्तुलात ट्रिगर बार आणि कनेक्टर एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यावर एक थेंब विसरू नका, चापाच्या यंत्रणेत तेल नको या नियमाला हा अपवाद. तो नसेल तर चाप जड आणि खरखरीत लागतो. स्ट्रायकरची (अशा पिस्तुलातल्या फायरिंग पिनची) पोकळी पूर्ण कोरडी. तेल लावून स्लाइड दहा वेळा हाताने ओढा. मागच्या टोकाला तेलाचे मणी जमले तर जास्त झालं, पुसा. बरोबर झालेलं तेल उजेडात ओलसर चमकतं पण बोटावरून ओघळत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस घासत असेल किंवा फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर रेलला तेलाऐवजी ग्रीसचा पातळ थर द्या. स्टेनलेस कोरडं घासलं की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडतात.

मॅगझिनच्या आत तेल नको. काडतुसं दूर ठेवायला सांगितली तीही याचसाठी: पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपून तो मारू शकतं, आणि असं काडतूस बाहेरून अगदी नवं दिसतं.

पॉइंट टू-टूला सगळ्यांत कमी लाड लागतात. तिच्या शिशाच्या गोळीला मेण किंवा चरबी लावलेलीच असते. न जळलेली दारू आणि ते मेण मिळून बोल्टभोवती ओला चिखल होतो, जास्त तेल त्यात भरच घालतं. बोल्ट पुसून पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. चेंबरच्या पुढच्या कडेला बसणारं काजळीचं कडं तेवढं ब्रशने काढत जा.

दुनळीत बिजागरीची पिन, फोरएंडचा (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी पकडीचा) लोखंडी भाग आणि बंद होताना अडकणारे दात, या तिन्हीला ग्रीस. बाहेर नेऊन आणलं की प्रत्येक वेळी ते पुसून नवं लावा. तिथल्या ग्रीसमध्ये वाळू बसली की ते व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं आणि बंदूक हळूहळू खुळखुळू लागते. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) दांड्याला एक थेंब तेल. चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्ऱ्यांचा फैलाव आवरणारे तुकडे) सुटे असतील तर त्यांच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर काजळीने ते जाम होतात.

जुन्या दुनळ्यांचं ठरलेलं दुखणं म्हणजे लोखंड आणि लाकूड जिथे भेटतं तिथला काळा, मऊ पडलेला दस्ता. वर्षानुवर्षं वरून तेल ओतलं आणि बंदूक नळ्या वर करून उभी ठेवली की तेल यंत्रणेतून खाली लाकडात मुरतं. तेलाने भिजलेलं लाकूड धक्क्याला टिकत नाही, चिरतं. तेल लावल्यावर पहिले एक-दोन दिवस बंदूक नळ्या खाली करून कापडाच्या घडीवर उभी ठेवा. आतली कुलुपं (बार उडवणारी यंत्रणा) साफ करायची असतील तर ती उघडूनच, वरून तेल सोडून नव्हे.

ब्रेक क्लीनरसारखे स्प्रे मळ झटक्यात काढतात, पण काही प्लॅस्टिकला तडे देतात, दस्त्याचं पॉलिश उचलतात आणि तेलाचा कण शिल्लक ठेवत नाहीत. क्लोरीनयुक्त असतील तर आग किंवा तापलेल्या धातूजवळ विषारी वायू होतात. खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे. काजळीत शिसं असतं, त्यामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

कडक थंडीत ग्रीस काढून टाका, फायरिंग पिन कोरडी करा आणि सिंथेटिक पातळ तेलाचा नुसता हात फिरवा. गारठ्यातून उबदार खोलीत आणलेल्या बंदुकीवर दव धरतं, ते आतही धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून पुसा.

साठवणीसाठी वंगणापेक्षा गंजरोधक महत्त्वाचा. ब्लूइंगचा काळा-निळा थर म्हणजे लोहाचंच ऑक्साइड. ते सच्छिद्र असतं, तेल धरून ठेवतं, पण स्वतः गंज रोखण्यात कमकुवत. शेवटचा हात कापडाने फिरवा, कारण उघड्या बोटांच्या घामातलं मीठ आठवड्याभरात ठसा उमटवतं. स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका, दोन्ही ओलावा धरतात. कपाटात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहू द्या आणि दमट दिवसांत महिन्यातून एकदा उघडून पाहा. वर्षभर हात लागणार नसेल तर कॉस्मोलिनसारखं मेणचट गंजरोधक लावा. ते काढायला रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन लागतं, आणि स्ट्रायकरच्या पोकळीतून व एक्स्ट्रॅक्टरखालून ते निघालंय का हे हत्यार खोलून पाहावं लागतं. नळीत असा थर भरला असेल तर चापाच्या कड्याला सुतळीने चिठ्ठी बांधा: 'नळीत ग्रीस आहे.' बंदूक पुढच्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या हातात असू शकते.